ब्रेकचा डबा आणि टोरीचं तेल

कोसंबटोल्यातल्या बाया धानाच्या बांधीत वाकायच्या, मोहाखाली वाकायच्या, चुलीपुढे वाकायच्या. मोटारीखाली मात्र एकटी धुरपताच शिरायची. गावाला याचं इतकं नवल की, परगावचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम तिचं घर दाखवत. "ते पाहा मोटारवाल्याचं घर. नवरा चालवते अन् बायको दुरुस्त करते!" पाहुणा हसायचा, गाव हसायचं. गावाला हसायला फार लागत नाही. खरी गोष्ट अशी होती की धुरपताच्या नवऱ्याला, सोमाजीला, खाली वाकताच येत नव्हतं.

सोमाजी तरुणपणापासून जमीनदाराचा ड्रायव्हर. अंगात पितळी गुंड्यांचा खाकी कोट, डोक्याला तिरपी टोपी. ऐन उमेदीत त्याच्या उजव्या पायाला नारू झाला. पोटरीतून निघालेला तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा असतो. त्यात घाई चालत नाही. सोमाजीला जमीनदारसाहेबांच्या शिकारीची घाई होती. त्यानं ओढला आणि नारू आत तुटला. पाय सुजला, पिकला, महिनोन् महिने ठणकला आणि बरा झाला तेव्हा पोटरी सुकून काठीसारखी झाली होती. गुडघा निम्माच वाके. चालायला काठी लागे आणि पायात जोर म्हणून उरला नव्हता.

दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर असता तर त्याची रवानगी गोठ्यात झाली असती. सोमाजीला वाचवलं ते मोटारीनं. ती भलीमोठी, कापडी टपाची विलायती मोटार जुनी होती, पण तिच्या ब्रेकला एक पत्र्याचा डबा जोडलेला होता. चालवणाऱ्याच्या पायाखालच्या फळीच्या तळाशी, पाण्याच्या हंड्याएवढा. त्यातून एक नळी इंजिनाकडे जाई. इंजिन त्या नळीनं हवा ओढी, तशी डब्यातला चामड्याच्या कडेचा दट्ट्या सरके आणि ब्रेकची दांडी खेचे. पायानं नुसतं सुचवायचं, जोर डबा लावणार. ब्रेक लागताना फळीखालून एक बारीक 'फुस्स' असा आवाज यायचा. सोमाजी म्हणायचा, "एक पाय देवानं नेला, अन् एक पाय साहेबाच्या मोटारीनं देला."

पुढे जमीनदाऱ्या गेल्या. साहेब नागपूरला राहायला निघाले तेव्हा ती जुनी मोटार कुणाला नको होती. "घेऊन जा, सोमाजी, तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही," असं म्हणून त्यांनी ती त्याला देऊन टाकली. सोमाजीनं ती आपल्या अंगणातल्या कडुनिंबाखाली आणून उभी केली आणि नागभीडच्या स्टेशनावर उतरणारी माणसं आतल्या गावांना पोचवायचा धंदा सुरू केला. पोट भरत होतं. पण पोटापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती आणि ती धुरपताला पक्की ठाऊक होती. काठी टेकत अंगणातून मोटारीपर्यंत जाणारा सोमाजी लंगडा होता. दार लावून चाकामागे बसला की तो ड्रायव्हर होता. मोटारीत त्याचा पाय कुणाला दिसत नसे, खुद्द त्यालासुद्धा नाही.

धुरपता लग्नानंतर मोटारीला भ्यायची. पण नवऱ्याचा पाय गेल्यावर मोटारीच्या पोटातलं बघायचं कुणी, हा प्रश्न आला आणि तिनं पदर खोचला. सोमाजी बाजूला पाटावर पाय पसरून बसायचा आणि काठीनं दाखवत सांगायचा, ती खाली पोत्यावर आडवी होऊन करायची. वर्षभरात तिला कुठला बोल्ट कुठला पाना मागतो ते कळायला लागलं. त्या दोघांचा संसार बघितला तर निम्मा त्या मोटारीखालीच झाला. भांडणंसुद्धा तिथंच व्हायची, आणि खाली असलेल्या माणसाला भांडण सोडून जाता येत नाही याचा सोमाजी पुरेपूर फायदा घ्यायचा.

एका आश्विनात डबा बिघडला. आधी 'फुस्स'चा आवाज बारीक झाला, मग गेलाच. ब्रेक दगडासारखा घट्ट. सोमाजीनं दोन्ही पाय एकावर एक ठेवून कशीबशी मोटार घरी आणली आणि कडुनिंबाखाली लावली. धुरपतानं खाली जाऊन पाहिलं. पत्रा गंजून चाळणी झाला होता, चामडं फाटलं होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"दुसराच लागते," सोमाजी म्हणाला. मोटार उभी होती तितके दिवस तो जेवला नाही धड. शेवटी छोट्या रुळांच्या रेल्वेनं नागपूरला गेला, भंगाराच्या बाजारात भटकला आणि एका मोडक्या मोटारीचा तसाच डबा मांडीवर घेऊन परत आला. बाळंतिणीनं मूल आणावं तसा पंच्यात गुंडाळून. सोबत एक लहानशी टिनाची कुपी होती.

"हे चामड्याचं तेल," त्यानं कुपी धुरपताच्या हातात दिली. "दुकानदारानं बजावून सांगतलं, हेच घालजा, दुसरं नाई. दर महिन्याले थोडंथोडं. चामडं नरम राह्यलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर काम सुरू झालं. चाकांना दगड लावले. धुरपता पोत्यावर पाठ टेकून आत सरकली. सोमाजी पाटावर.

"पह्यले नळी सोड. वाकडी नको ओढू, रबर जुनं आहे."

"सोडली."

"आता दांडीची पिन. तिच्या पोटातली बारीक तार सरळ कर, मग भायेर येते."

"माहीत आहे मले. माह्याच हातानं बसवली होती."

"तोंड बंद ठेव, माती पडन."

जुना डबा निघाला. नवा छातीवर पेलून तिनं वर धरला, एका हातानं बोल्ट फिरवले, दांडी जोडली, नळी चढवून तारेनं आवळली. कपाळावर गंज, डोळ्यांत माती. सोमाजी बाहेरून काठीचं टोक आत घुसवत होता आणि धुरपता ते बाजूला सारत होती. शेवटी फक्त तेल घालायचं राहिलं. डब्याच्या वर एक भोक होतं, त्यात ओतायचं. तिनं कुपीचं झाकण काढलं, चार थेंब आत गेले असतील नसतील, तेवढ्यात काठी तिच्या कोपराला लागली आणि कुपी आडवी झाली. कोरड्या आश्विनातली माती. तिनं कुपी उचलेपर्यंत सगळं तेल जिरूनही गेलं होतं.

"झालं का?" बाहेरून आवाज आला.

धुरपता खाली तशीच पडून राहिली. ज्यासाठी माणूस काठी टेकत नागपूरभर हिंडला ते तेल कडुनिंबाच्या मुळाशी गेलं होतं. काठी त्याची लागली होती हे खरं, पण कुपी तिच्या हातातली होती. त्याचं तोंड पडलेलं तिला पाहवणार नव्हतं.

"पाणी पिऊन येते," म्हणाली आणि कुपी पदराखाली घेऊन घरात गेली.

स्वयंपाकघराच्या कोनाड्यात टोरीच्या तेलाची बाटली होती. टोरी म्हणजे मोहाच्या फळातली बी. आषाढाआधी धुरपता ती जंगलातून वेचून आणायची, फोडून वाळवायची आणि तेल्याच्या घाण्यावर गाळून घ्यायची. त्याच तेलात भाजी, त्याच तेलाचा दिवा, बैलाच्या जखमेला तेच, गाडीच्या आसाला तेच. चांभार नवी वहाण नरम करायचा तीही त्याच तेलानं. चामड्याला ते चालतं हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे बाई अगदीच काही डोकं गहाण ठेवून वागली असं नाही. भर उन्हाची दुपार होती, बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ, पिवळं. कुपीतल्या तेलाचा रंगही तसाच होता. तिनं कुपी काठोकाठ भरली, परत मोटारीखाली गेली आणि डब्यात सढळ हातानं तेल ओतलं.

सोमाजीनं इंजिन चालू केलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. फुस्स.

त्यानं पुन्हा दाबलं. फुस्स. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते धुरपतानं लग्नाच्या मांडवातसुद्धा पाहिलं नव्हतं. "बस," तो म्हणाला. "पुढच्या सीटवर बस. तशीच. माती लागू दे." पुढच्या सीटवर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसली. त्यानं तिला तळ्यापर्यंत नेलं, उतारावर मोटार सोडली आणि मधेच नुसता अंगठा दाबून उभी केली, उगाच, पुन्हा पुन्हा, पोरासारखं. 'कुपी सांडली होती जी,' हे वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. पण तो इतका खुशीत होता. उद्या सांगू, तिला वाटलं. उद्या त्यात एवढं काय.

महिन्याला ती कुपीतलं तेल डब्यात घालत राहिली, आणि संपली की कोनाड्यातल्या बाटलीतून भरत राहिली.

मग थंडी पडली. जंगलातली थंडी ती, सकाळी धानाच्या तणसावर पांढरं दहिवर पडे. सोमाजीचा पाय हिवाळ्यात नेहमीच आखडायचा. धुरपता दिवेलागणीला टोरीचं तेल घेऊन बसायची. थंडीत ते तेल गोठतं, तुपासारखं पांढरं घट्ट होतं. कोसंबटोल्यातल्या लहान पोरीलासुद्धा हे माहीत. धुरपता नखानं गोळा काढायची, वाटीत घालून चुलीच्या कडेला ठेवायची आणि पातळ झालं की कोमट कोमट पोटरीला चोळायची.

"आजकाल सकाळी पाय लय जड वाटते व," एका संध्याकाळी सोमाजी म्हणाला. "ब्रेक दाबताना जोरच लागत नाई. दुपारी बरोबर होते."

"थंडीनं होते," धुरपता म्हणाली. "चोळते मी जरा जास्त." आणि वाटीतलं तेल बोटांवर घेऊन ती जास्त वेळ चोळत बसली. डब्यातलं तेल आणि वाटीतलं तेल एकच, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. चुलीजवळची वस्तू वेगळी आणि मोटारीखालची वेगळी, असंच ती आजवर जगत आली होती.

पौषातल्या एका पहाटे सोमाजी चार माणसं घेऊन निघाला. सकाळची गाडी गाठायची होती. त्यात गावातला मुखरू होता, लेकीकडे निघालेला. त्या साली तोवर अशी थंडी पडली नव्हती. गावाबाहेर चढ चढला की पलीकडे बोडीचा उतार होता, बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. उताराच्या शेवटी रस्ता बोडीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून वळतो. सोमाजीनं उतारावर पाय ठेवला. ब्रेक हलला नाही. त्यानं सगळं अंग पायावर घातलं. मोटार वळणावर वळली नाही, पाळीवरून उलटसुलट उसळली आणि पुढची चाकं चिखलात रुतवून थांबली. कुणी मेलं नाही. मुखरूच्या खांद्याचं हाड मोडलं, ते पुढे जन्मभर वाकडंच जुळलं.

दुपारी बैल लावून मोटार ओढून काढली. नागभीडच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवरची लॉरी चालवणारा इसरू, चांगला जाणता मिस्त्री, मुद्दाम आला. अर्धं गाव जमलं होतं. डोक्यावर ऊन तापलं होतं. इसरूनं इंजिन चालू केलं, ते गरम होईपर्यंत तसंच चालू ठेवलं आणि ब्रेकवर पाय ठेवला.

फुस्स.

त्यानं परत दाबलं, खाली वाकून कान लावला आणि मान हलवली. "ब्रेक तर लोण्यावाणी आहे गा, सोमाजीभाऊ. यात काईच खराबी नाई."

सगळ्यांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी गेली, सोमाजीच्या उजव्या पायावर. मुखरूचा भाऊ एवढंच म्हणाला, "लंगड्याच्या भरवशावर जीव टाकला होता आमी." सोमाजीनं खाकी कोट काढला, घडी घातली आणि मोटारीच्या सीटवर ठेवून दिला. "पाय गेला माहा," तो इसरूला म्हणाला. "जाणारच होता."

त्या दिवशी दिवेलागणीला धुरपता नेहमीसारखी तेल घ्यायला गेली. बाटलीतलं तेल दगड झालं होतं. तिनं काडी घालून गोळा काढला, वाटीत टाकला, वाटी चुलीच्या कडेला ठेवली. पांढरा गोळा कडेनं विरघळायला लागला, पिवळा झाला, पाणी झाला. तिचा हात तिथंच थांबला. सकाळी घट्ट, दुपारी पातळ. तिला सगळं एकदम कळलं.

ती वाटी घेऊन सोमाजीजवळ गेली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं. तिनं पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. सांगायचं होतं. पण बाहेर मुखरूच्या घरून रडण्याचा आवाज येत होता, आणि जिच्या हातानं त्याचा खांदा मोडला तिचं गावात काय झालं असतं, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. उद्या सांगू. उद्याही सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, जी तिनं स्वतःशीही कधी नीट कबूल केली नाही. सोमाजी मोटार घेऊन जंगलातल्या रस्त्यांवर गेला की ती दिवसभर जीव मुठीत धरून असायची. आता तो घरी होता. डोळ्यांपुढे होता. थोडे दिवस राहू दे, असं तिला वाटलं होतं, आणि त्या थोड्या दिवसांचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

सोमाजी पुन्हा मोटारीत बसला नाही. अंबाडीचे दोर वळायला लागला. ओसरीवर बसून दिवसभर दोर. मोटार कडुनिंबाखाली उभी. तिच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या, कोटाच्या घडीला उंदीर लागले. लेक कमळा पोंभुर्ण्याला नांदायला गेली ती बैलगाडीतून. सरकारी मोटारी सुरू झाल्यावर लोक त्यांतून नागभीडला जायचे, सोमाजी रस्ता सोडून बांधाबांधानं काठी टेकत जायचा. चालणं कमी झालं, तसा पायही खरोखरच अधू होत गेला. गावानं त्याला लंगडा सोमाजी म्हणायला सुरुवात केली. मोटारवाला म्हणायचं कुणाला आठवेना.

धुरपतानं ते वाक्य मनात हजार वेळा घोकलं. निंदताना, दळताना. एका पोळ्याला सोमाजी जरा खुशीत होता, बैलांच्या मिरवणुकीकडे बघत बसला होता. तिनं धीर केला. "अजी, तो ब्रेकचा डबा..."

"त्याचं नाव नको काढू," तो म्हणाला. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. "डब्यानं आपलं काम चोख केलं. तूही चोख बसवला होता. माहा पायच बेइमान निघाला, त्याले तू काय करशीन?"

ती उठून आत गेली. आधी नुसती कुपी सांडल्याचं सांगायचं होतं. मग मुखरूच्या खांद्याचं. आता त्यावर सगळी वर्षं येऊन बसली होती. दिवेलागणीला ती वाटी गरम करायची आणि पाय चोळायची, एक दिवस खाडा न करता. लोक म्हणायचे, सेवा करावी तर धुरपतानं.

मग आणखी एका पौषात, सकाळी सकाळी, इसरू आला. आरा मशीनच्या मालकानं जुनी मोठी मोटार घेतली होती आणि तिचा डबा फाटला होता. "तुमच्या मोटारीचा तसाच आहे, भाऊ. पडूनच तर आहे. देता का?"

"घेऊन जा," सोमाजी म्हणाला. "इथी कोणाच्या कामाचा आहे?"

इसरू पाने काढायला लागला तशी धुरपता पुढे झाली. "मी काढून देते." तिचा आवाज चढला होता. इसरूला हसू आलं, पण मोटारीखालचं काम तिचंच हे त्यालाही माहीत होतं, तो बाजूला झाला. तिनं पोतं अंथरलं आणि किती वर्षांनी त्या मोटारीखाली सरकली. सोमाजीनंही न सांगता पाट ओढला आणि शेजारी पाय पसरून बसला.

"पह्यले नळी सोड," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जुनी धार आली होती. "मग पिन. गंजली असन, हळू."

ती खाली एकटी होती. डबा तिच्या तोंडापुढे. वरून गार लोखंड, खाली गार माती, आणि पलीकडे तो, अगदी त्या दिवसासारखा. इसरू डबा उघडून बघणारच होता; आता सांगितलं तर तिच्या तोंडून तरी कळेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं "अजी" म्हणून हाक मारलीसुद्धा.

"काय व?"

"काई नाई. पाना द्या लहानवाला."

डबा सुटला. तिनं तो छातीवर घेतला, पदरानं पुसल्यासारखं केलं, पण पत्र्याच्या आत पदर पोचत नाही. इसरूनं बाहेरून हात पुढे केला आणि तिच्या हातातून डबा घेतला.

"चामडं कसं आहे ते पाह्यतो," म्हणून त्यानं ओसरीच्या कडेला बसून झाकणाचे स्क्रू काढले. आत बोट घातलं. ते आत गेलंच नाही. "अरे? हे काय भरलं गा यात? मेण?" त्यानं काडीनं खरडून पिवळट पांढरा गोळा बाहेर काढला. "दट्ट्या तर पुरा जाम आहे. थंडीत असं गोठलं तर बैल लावला तरी हलन नाई. ऊन लागलं का मोकळा. कोणी घातलं हे? त्या दिवशी दुपारी मी दाबून पाह्यलं तवा..." इसरूनं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

सोमाजीनं हात पुढे केला. इसरूनं तो गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. सोमाजीनं अंगठ्यानं चोळला. गोळा उबेनं विरघळला. त्यानं हात नाकाशी नेला. इतक्या वर्षांनी तेल खवट झालं होतं, पण हा वास त्याच्या पायाला रोज संध्याकाळी यायचा. तो ओळखायला त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती.

धुरपता मोटारीखालून निघून उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. एवढंच झालं. वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य तिला बोलावंच लागलं नाही.

इसरू डबा घेऊन, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता निघून गेला. सोमाजी काठी टेकत मोटारीपाशी गेला, दार ओढलं, कोंबडी हाकलली आणि चाकामागे बसला. उजवा पाय हातानं उचलून ब्रेकवर ठेवला. दाबला. खालची दांडी आताच सुटली होती, ब्रेक एकदम तळाला टेकला. त्यात कसलाच जोर लागला नाही. तो पाय काढून परत ठेवायचा, परत दाबायचा. धुरपता ओसरीच्या खांबाला धरून बघत राहिली. ऊन अंगणभर पसरलं तरी तो तिथंच होता.

दिवेलागणीला तिनं वाटी गरम केली. तो खाटेवर येऊन पडला होता. ती पायाशी बसली.

"कवापासून माहीत आहे तुले?" त्यानं विचारलं.

"त्याच दिवसापासून." मग सगळंच तिच्या तोंडून निघालं. कुपी, माती, कोनाड्यातली बाटली, मुखरूचं घर, आणि तो घरी असल्याचं तिला बरं वाटलं होतं तेही. रडत, तुटक, मागचं पुढे नि पुढचं मागे. घोकलं होतं त्यातलं काहीच नीट आलं नाही.

सोमाजीनं ऐकून घेतलं. "तेल सांडलं त्याचं काई नाई," तो म्हणाला. "काठी माहीच लागली असन. अन् दुसरं घातलं त्याचंबी नाई, तुले काय माहीत. मुखरूचंबी एक डाव जाऊ दे." तो थांबला. "पण रोज हात लावत होती तू या पायाले. रोज. मी त्याले शिव्या देत होतो अन् तू चोळत होती. एक दिवस तरी सांगाचं होतं, धुरपता, का हा बेइमान नाई म्हणून."

तिनं पायाकडे हात नेला. त्यानं पाय आखडून घोंगडीखाली घेतला.

पुढे तो तिच्याशी बोलायचा, जेवायचा, दोर वळायचा. एकदा तर मोटारीवरचा भोपळा काढून दे म्हणून हसलाही. गावाला त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही, इसरूलाही सांगू दिलं नाही, आणि लंगडा सोमाजी म्हणून ऐकून घेत राहिला. फक्त दिवेलागणीला वाटी गरम झाली की तो हात पुढे करून तिच्याकडून घ्यायचा आणि स्वतःच पायाला तेल लावत बसायचा. गुडघा पुरता वाकत नव्हता, त्यामुळे पोटरीच्या मागच्या बाजूला, जिथं खरं दुखायचं, तिथं त्याचा हात पोचत नसे. धुरपता चुलीशी बसून ते बघायची. त्यानं कधी बोलावलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही.